होडीतली दुसरी मुलगी

कतारला, दोह्यात मी एका एजन्सीत सुपरवायझर होते. घरोघरी नर्स पाठवण्याचं आमचं काम. कुणाचे म्हातारे आईवडील, कुणी ऑपरेशन होऊन घरी आलेलं, कुणाकडे नवं बाळ. कुठल्या घरी कोण जाईल, कुणाला सुट्टी कधी, कुठल्या घरातली मालकीण नर्सकडून भांडीही घासून घेते, हे सगळं मला बघावं लागे. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन-चार वर्षं होती आणि त्याच्या नावाखाली अख्खं शहर उकरून ठेवलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने गेलो तो संध्याकाळी बंद असायचा. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटीवर, कंपनीच्या बसने जायचा-यायचा. मी दिवसभर एजन्सीच्या गाडीत, डायव्हर्जनच्या बाणांमागे. त्या गाडीत बऱ्याचदा माझ्या शेजारी आते असायची.

आते म्हणजे माझी आत्या नव्हे. ती फिलिपिन्सची. तिकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात आणि एजन्सीतल्या सगळ्या फिलिपिनो मुली तिला तशीच हाक मारत. मी वसईची. आमच्या घरी बापाच्या बहिणीला हाक मारायची ती आते म्हणूनच. ऑफिसात पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मी चमकून वर पाहिलं होतं. वाटलं, आपल्याकडचं कुणी आलं. दारात एक बुटकी, केस पिकलेली बाई उभी होती, पांढऱ्या युनिफॉर्मला कडक इस्त्री. मी तिला हे सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, मग तू मला काय हवं ते समज. तेव्हापासून मीही आते म्हणायला लागले. बोलायचो आम्ही इंग्रजीतच, पण मनात मी तिला अगं-तुगंच करत होते, आपण आत्याला करतो तसं.

ती साठीच्या जवळ आलेली, एजन्सीतली सगळ्यांत जुनी नर्स. शुक्रवारी तिकडे सुट्टी, तेव्हा आम्ही चर्चमध्ये मिसाला बरोबर जायचो. मिसा झाली की चर्चच्या आवारात चहा घेऊन भिंतीच्या सावलीत बसायचो, आणि तिथे ती तिच्या घरच्या गोष्टी सांगायची. तिचं लग्न झालं नव्हतं. भावंडांची शिक्षणं, भाच्यांची लग्नं सगळं तिने इथून पार पाडलं होतं. घरी नव्वदीला टेकलेले वडील होते. पाणबुडीची गोष्ट तिने मला एकदम सांगितली नाही. आज थोडी, पुढच्या शुक्रवारी थोडी, अशी ती माझ्याकडे आली.

आतेची आजी पनाय बेटावर, डोंगरातल्या एका गावात राहायची. महायुद्धात जपान्यांनी बेट घेतलं तेव्हा तिचा नवरा मारला गेला. बेटावरचे लोक डोंगरात शिरून लढत राहिले. त्यांत शेतकरी होते, शाळामास्तर होते, फौज मोडल्यावर पळून आलेले शिपाई होते. बंदुका थोड्या, गोळ्या त्याहून थोड्या. आजी त्यांच्यासाठी भात रांधायची. मग अमेरिकेची एक पाणबुडी त्यांना सामान घेऊन यायला लागली.

ती कधी येणार हे डोंगरातल्या वायरलेसवर कळायचं. खूण म्हणून किनाऱ्यावर दोन माडांमध्ये पांढऱ्या चादरी बांधायच्या. पाणबुडी पाण्याखालूनच दुर्बिणीने ती खूण बघे, दिवसभर खालीच दडून राही आणि सूर्य बुडता बुडता वर येई. मग गावच्या होड्या तिच्याकडे धावत. आपल्या कोकणात एका बाजूला तोल धरणारं लाकूड लावलेली उलांडीची होडी असते ना, तशाच, फक्त बांबू दोन्ही बाजूंना. होड्यांतून रायफली यायच्या, गोळ्यांच्या पेट्या, वायरलेसचे सेट, हिवतापाची औषधं. सिगारेटची पाकिटंही यायची आणि त्यांवर अमेरिकन सेनापतीचं परत येण्याचं वचन छापलेलं असायचं. पेट्या डोक्यावर घेऊन गावातल्या बायका रातोरात डोंगर चढायच्या. जपान्यांना कळलं असतं तर गावात माणूस उरलं नसतं. म्हणून पाणबुडी हा शब्दच कुणी उच्चारायचं नाही असा दंडक होता. 'पाहुणे आले' एवढंच म्हणायचे.

आजीच्या घरात आणखी एक गुपित होतं. बेटावरच्या खाणीत एक अमेरिकन इंजिनियर होता. त्याला जपान्यांनी पकडून नेलं आणि त्याची बायको लहान मुलीला घेऊन डोंगरात पळाली. आजीने त्या दोघींना वर्षभराहून जास्त घरात ठेवून घेतलं. मुलीचे केस पिवळे. ते दुरून ओळखू येऊ नयेत म्हणून आजी चुलीची काजळी खोबरेल तेलात कालवून तिच्या डोक्याला फासायची. एकदा ती मुलगी खेळता खेळता भाताच्या तापलेल्या टोपावर पडली आणि डावा हात कोपरापासून भाजला. आजीने पाला वाटून लावला. डाग मात्र राहिला. आजीचीही एक मुलगी होती, त्याच वयाची, सहा वर्षांची. दोघी एकाच चटईवर झोपत, एका ताटात जेवत.

मग निरोप आला की या खेपेला पाणबुडी नुसतं सामान देणार नाही, बेटावर लपलेल्या परक्या बायकामुलांना घेऊनही जाणार. आजी त्या दोघींना घेऊन निघाली. बाई हिवतापाने खंगलेली, म्हणून तिच्या मुलीला आजीने पाठीवर घेतलं. आजीचा थोरला मुलगा, म्हणजे आतेचे वडील, सामान घेऊन पुढे. आजीची मुलगी पायी. किनाऱ्याला पोचेपर्यंत तिच्याही अंगात ताप भरला होता.

किनाऱ्यावर त्या बाईने आजीचा हात धरला. वर्षभरात शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, हिला माझ्याबरोबर दे. माझीच आहे म्हणून सांगते. पाणबुडीवर डॉक्टर असेल. लढाई संपली की तुझ्या घरी आणून पोचवीन.

आजीने किती वेळ विचार केला ते आतेला ठाऊक नव्हतं. तिने मुलीला होडीत बसवलं. वल्हवणाऱ्यांत तिचा थोरला मुलगा होता. सूर्य बुडाला, होड्या गेल्या. परत आल्या तेव्हा त्या होडीत रायफलींच्या पेट्या होत्या आणि पेट्यांवर आजीची मुलगी निजवलेली होती.

थोरल्याने आईला सांगितलं की बाईने खूप विनवलं, रडली, खलाशाचा हात धरला, पण जागाच नव्हती. आजीने ते मानलं. मुलगी त्याच आठवड्यात गेली. पेट्यांतल्या हिवतापाच्या गोळ्या आजीने मागितल्या होत्या, मिळाल्याही होत्या, पण पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. पुढे आजी पुष्कळ वर्षं जगली. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती मुलीसाठी मेणबत्ती लावायची आणि शेजारी दुसरी त्या परक्या बाईसाठी. म्हणायची, बिचारीने केवढी धडपड केली माझ्या पोरीसाठी.

आतेने हे सगळं सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. आपल्या घरातलं दुःख आपण जसं वापरून गुळगुळीत झालेलं सांगतो, तसं तिने सांगितलं होतं.

त्यानंतर बरेच महिने गेले. अल रय्यानमधल्या, परदेशी लोक राहतात अशा बंगल्यांच्या एका कंपाउंडमधून आमच्याकडे केस आली. एका स्टेडियमच्या कामावर असलेला अमेरिकन इंजिनियर. त्याची आई ऐंशीची, तिकडे एकटी राहायची. पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झाल्यावर त्याने तिला इकडे आणलं होतं. मधुमेह होता. इंग्रजी चांगलं बोलणारी, शांत स्वभावाची नर्स हवी होती. मी आतेला पाठवलं. तिच्याहून शांत आमच्याकडे कुणी नव्हतं.

पहिले दोन महिने सगळं छान चाललं. म्हातारी खूश होती. लहानपणी मी तुमच्याच देशात होते, फार प्रेमळ लोक, असं ती आतेला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. आतेने ते मनावर घेतलं नव्हतं. तिच्या देशात सात हजारांवर बेटं, आणि युद्धाआधी तिथे अमेरिकन पुष्कळ. ती म्हातारीला इन्सुलिन द्यायची, व्यायाम करून घ्यायची, आंघोळ घालायची. डाव्या हातावरचा भाजल्याचा जुना डाग तिने रोज पाहिला होता. म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर असे डाग असतातच.

नेहमीच्या तपासणीसाठी मी त्या घरी गेले. हॉलमध्ये एसी इतका की शाल घ्यावी लागली. म्हातारी खिडकीशी आरामखुर्चीत, बाहेर दूरवर क्रेनच क्रेन. तिने मला आग्रहाने बसवलं. मुलाच्या कंपनीच्या क्लबात ज्येष्ठांच्या आठवणींचा कार्यक्रम होता, त्यात ती बोलणार होती. मी जरा तुमच्यासमोर म्हणून बघते, कंटाळा आला तर सांगा, असं म्हणाली. मग आतेकडे वळली. "तूही ऐक. तुझ्याच देशातली गोष्ट आहे."

आते तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती.

म्हातारी छान सांगायची. वडील खाणीत होते, त्यांना जपान्यांनी नेलं, आई आणि मी डोंगरात पळालो. स्थानिक लोकांनी आम्हाला लपवलं. माझ्या केसांना काळं काहीतरी फासायचे, त्याचा खोबरेल वास अजून नाकात आहे. हा हात बघा, भाताच्या भांड्यावर पडले होते. मग एक दिवस एका बाईने मला पाठीवर घेतलं आणि आम्ही समुद्रावर गेलो. झाडांना पांढऱ्या चादरी बांधलेल्या होत्या. मला वाटलं, कुणी कपडे वाळत घातलेत.

मी आतेकडे बघितलं. तिने पट्ट्यात हवा भरायचं थांबवलं होतं. रबरी फुगा हातात तसाच.

"मग समुद्रातून ती वर आली," म्हातारी म्हणाली. "एवढी मोठी, काळी, अंगावरून पाणी निथळतंय. मी किंचाळले. होडीत आणखी एक मुलगी होती माझ्याएवढीच. तापाने फणफणलेली, माझ्या अंगावर कलंडून बसली होती. एका खलाशाने मला उचलून घेतलं. दुसऱ्याने तिला उचलायला हात पुढे केले आणि आईला विचारलं, ही पण तुमचीच का? आई म्हणाली, नाही, होडीवाल्यांची आहे. मग त्यांनी तिला तिथेच ठेवलं. आत गेल्यावर मला कॅप्टनने स्वतःची टोपी घातली आणि आइस्क्रीम दिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आइस्क्रीम."

आइस्क्रीम आलं की श्रोते हसतात हे तिला माहीत असावं, कारण ती हसून थांबली. मला हसता आलं नाही.

आतेने फुगा पुन्हा दाबायला सुरुवात केली. आकडे बघितले, चार्टवर लिहिले, पट्टा सोडला. मग खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या आईने नंतर कधी त्या मुलीबद्दल काही म्हटलं?"

"कुठल्या मुलीबद्दल?" म्हातारी म्हणाली.

ड्यूटी संपल्यावर आते माझ्याबरोबरच गाडीतून निघाली. ड्रायव्हर डायव्हर्जनला शिव्या घालत होता. नवीन पुलाखालच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा ती बोलली. जागा नव्हती असं आजीला सांगितलं होतं, म्हणाली. खलाशाने तर हात पुढे केले होते. एवढंच ती दोन-तीनदा म्हणाली. रडली नाही. मी तिला म्हटलं, उद्यापासून तुला दुसरी केस देते, या घरात तू जाऊ नकोस. तर म्हणाली, नको. मला तिला सांगायचंय. सांगितल्याशिवाय मी तिला आंघोळ घालू शकणार नाही.

तिने आठवडाभर वाट पाहिली. म्हातारीची तब्येत बरी आहे, साखर नीट आहे, झोप झाली आहे, असा दिवस निवडला. आयुष्यभराची नर्स, तिला दुसरं काही सुचणारच नाही. नाश्ता झाल्यावर समोर खुर्ची घेऊन बसली आणि सांगितलं की तुम्हाला पाठीवर घेणारी बाई माझी आजी. होडीतली मुलगी माझी आत्या. ती त्याच आठवड्यात वारली. तुमच्या आईने तिला आपली म्हणून नेण्याचा शब्द दिला होता. मला तुमच्याकडून काही नको, फक्त तुम्हाला ठाऊक असावं.

म्हातारीने खिडकीकडे तोंड वळवलं. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाली, "तुझी काहीतरी गल्लत होते आहे. किनाऱ्यावर खूप माणसं होती." पुढे दिवसभर ती आतेशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मुलाचा आमच्या मॅनेजरला फोन आला. तक्रार नव्हती. नर्स उत्तम आहे, पण आईला तिच्याबरोबर अस्वस्थ वाटतं, बदलून द्या, एवढंच. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि घडलेलं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गोष्ट खरी असेल. पण पेशंटला आपल्या घरच्या गोष्टी सांगायच्या नसतात." मी म्हटलं, ही दोघींच्याही घरची गोष्ट आहे. तो म्हणाला, खलास, केस बदलली. आतेला त्याने पन्नास किलोमीटर लांब अल खोरला टाकलं. तिची खोली दोह्यात, काम अल खोरला, जाता-येता बस. साठीच्या बाईला. मी पुन्हा भांडले, काही उपयोग झाला नाही.

म्हातारीकडे गेलेली नवी नर्स दोह्यात नुकतीच आली होती. क्लबातल्या कार्यक्रमाला म्हातारीला न्यायचं होतं, ती एकटी घाबरत होती, म्हणून मी बरोबर गेले. खरं सांगायचं तर मला ऐकायचंही होतं.

दुपारचा कार्यक्रम. शंभरेक माणसं, भिंतींवर स्टेडियमची मोठमोठी चित्रं, टेबलांवर केक आणि खजूर. म्हातारीने निळा ड्रेस घातला होता, केस नीट बसवले होते. आधी ऐकलं होतं तसंच सगळं सांगितलं. खोबरेल वास, भाजलेला हात, चादरी, समुद्रातून वर आलेली ती. मग, "होडीत आम्ही दोघीच, आई आणि मी," असं म्हणून ती सरळ कॅप्टनच्या टोपीवर गेली. आइस्क्रीमला लोक हसले. शेवटी ती म्हणाली की त्या शूर खलाशांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजत राहिल्या. माझ्या बाजूची एक बाई डोळे पुसत होती.

चहाच्या वेळी मी तिच्या व्हीलचेअरपाशी गेले. वाकून, शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही दुसऱ्या मुलीचंही सांगितलं होतं."

तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात ऊबदार होता. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "नाही, तुम्ही काहीतरी चुकीचं ऐकलंत. दुसरं कुणी नव्हतं." तिच्या मुलाने व्हीलचेअर वळवली आणि तिला केकच्या टेबलाकडे नेलं.

मी नंतर पुष्कळदा विचार केला, तिला खरंच विसर पडला असेल का. त्या वयात होतं तसं. पण आदल्या महिन्यात तिला त्या मुलीचं तापलेलं अंगसुद्धा आठवत होतं. ती विसरली नव्हती. तिने त्या मुलीला गोष्टीतून काढून टाकलं होतं.

आते अल खोरला जात राहिली. शुक्रवारी भेटली की मी काय घडलं ते सांगावं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, पण ती विचारत नसे. एकदा मीच सांगितलं. क्लब, निळा ड्रेस, आम्ही दोघीच. ती ऐकत होती. मग चर्चच्या आवारात खेळणाऱ्या पोरांकडे बघत म्हणाली की आधी तिने सहज सांगून टाकलं होतं ना, ते बरं होतं. तेव्हा निदान माझी आत्या होडीत होती.

वर्षअखेरीला तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि एजन्सीने वय झालं म्हणून नवं केलं नाही. इतकी वर्षं काढलेल्या बाईला मॅनेजरने एक केक आणि घड्याळ दिलं. मी तिला एअरपोर्टवर सोडायला गेले. सामानात तिने वडिलांसाठी दोन मऊ ब्लँकेटं घेतली होती. बेटावर उकडतं, तरी म्हाताऱ्याला थंडी वाजते म्हणून. मी विचारलं, बाबांना सांगणार आहेस का? ती म्हणाली, अजून ठरवलं नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं, पण बिचाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या बाईने विनवलं असंच त्यांना आजवर वाटतंय. या वयात ते का मोडायचं?

काही महिन्यांनी तिचा फोन आला. मी गाडीतच होते. तिने वडिलांना सांगितलं होतं. ठरवून नाही. एका दुपारी ओट्यावर दोघं शेंगा सोलत बसली होती, वडिलांनी दोह्यातल्या पेशंटांबद्दल विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं. सगळंच, खलाशाने हात पुढे केले तिथपर्यंत.

वडील शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत आहे. मी तिथेच होतो."

तिला कळेना. तुम्हाला तर इंग्रजी येत नव्हतं, तिने विचारलं.

"'नो' एवढं येत होतं," ते म्हणाले.

खलाशाने बहिणीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि ती बाई मान हलवून नो म्हणाली, हे त्यांनी पाहिलं होतं, ऐकलं होतं. बाई वर चढली. तिने मागे वळून पाहिलं की नाही ते त्यांना सांगता येत नव्हतं, कारण ते बहिणीला सावरत होते आणि वरून पेट्या यायला लागल्या होत्या. किनाऱ्यावर आई उभी होती. होडी वाळूला लागेपर्यंत त्यांनी काय सांगायचं ते ठरवून टाकलं. विनवणी, रडणं, खलाशाचा धरलेला हात, सगळं त्यांनी रचलेलं. पुढे दर नोव्हेंबरात आई त्या बाईसाठी मेणबत्ती लावायची, वारा असला तर ते बाजूला उभे राहून हाताने आडोसा करायचे.

आतेने विचारलं, मग आजी गेल्यावर तरी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, कुणाला सांगायचं? तुला सांगून तुझा काय फायदा होता? उलट तिच्यावरच थोडे वैतागले. तिकडे एवढा त्रास करून घेतलास, नोकरी गेली, मला आधी एक फोन करून विचारायचंस.

हे सांगताना आते फोनवर हसली. मला हसू आलं नाही. मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि तिला म्हटलं, आते, मला फार राग येतोय. ती म्हणाली, येऊ दे.

तो राग अजून आहे. त्या आईवर नाही, निदान तेवढा नाही. दोन वर्षं डोंगरात लपलेली, आजारी, एका हातात स्वतःची मुलगी, समोर पाणबुडीचं उघडं झाकण. घाबरली असेल, दोघींना घेणार नाहीत असं वाटलं असेल. मी तिथे असते तर काय केलं असतं, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सहा वर्षांच्या पोरीला तर कोण बोलेल. माझा राग त्या ऐंशी वर्षांच्या बाईवर आहे, एसीच्या हॉलमध्ये निळा ड्रेस घालून बसलेल्या. हो, होती एक मुलगी, एवढं ती म्हणाली असती तर तिचं काय जाणार होतं? आता तिला पाणबुडीतून कुणी खाली उतरवणार नव्हतं.

वर्ल्ड कप झाला. त्या इंजिनियरचं स्टेडियम झगमगताना मी टीव्हीवर पाहिलं. तो त्याआधीच आईला घेऊन परत गेला होता असं ऐकलं. आमचे रस्ते सुरळीत झाले. आतेला मी अधूनमधून फोन करते. मागच्या वेळी हे सगळं पुन्हा तिच्यापुढे उकरून काढलं तर तिने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, बाबांच्या जेवणाची वेळ झाली, ते आता माझ्या हातूनच जेवतात, मी ठेवते.